अक्षराची चाकरी सुटल्यानंतर

हस्तकौशल्यांच्या इतिहासात एक विसंगती वारंवार आढळते. एखादे कसब समाजाच्या रोजच्या गरजेचे असते तोवर त्याला कोणी कला म्हणत नाही. त्याची गरज संपली की मग त्याचे कौतुक सुरू होते. हातमागाचे असेच झाले, तांबटाच्या हातोडीचेही असेच झाले. परंतु ज्या कसबाला हजार वर्षे कला म्हणून मानही होता आणि नित्याची गरज म्हणून मागणीही होती, असे उदाहरण विरळा. अरबी लिपीतील सुलेखन हे असे एक उदाहरण होय. विसाव्या शतकात देशोदेशी या कसबाची चाकरी सुटली आणि त्याच शतकात त्याने आधुनिक चित्रकलेच्या दालनात प्रवेश केला. या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासला, तर पारंपरिक कसबांच्या भवितव्याविषयी काही कटू पण उपयुक्त निष्कर्ष हाती येतात.

वरवर पाहता आजचे चित्र भरभराटीचे दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने अरबी सुलेखनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्यासाठी सौदी अरेबियासह १६ देशांनी संयुक्त प्रस्ताव दिला होता. तुर्कस्तानातील सुलेखनाची स्वतंत्र नोंदही त्याच वेळी झाली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २००६ साली मध्यपूर्वेतील आधुनिक अक्षरचित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले होते. दुबईच्या लिलावांत अशा कलाकृतींना लक्षावधी डॉलरची किंमत आली आहे. मान आहे, पैसा आहे, प्रसिद्धी आहे. मग तक्रार कसली, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बोरू, बिंदू आणि सनद

इस्लामने चित्रे निषिद्ध मानली म्हणून मुसलमान कलावंत अक्षरांकडे वळले, असा एक ढोबळ समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धवट खरा आहे. मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत मानवाकृती नसतात हे खरे. पण इराणी, तुर्की आणि मोगल दरबारांतील हस्तलिखिते माणसांच्या चित्रांनी भरलेली आहेत. अक्षराला श्रेष्ठत्व मिळाले ते चित्राला मनाई होती म्हणून नव्हे. ईश्वराचा संदेश शब्दरूपाने अवतरला, या श्रद्धेतून ते मिळाले. शब्द पवित्र, म्हणून तो लिहिणारा हातही शुद्ध आणि शिस्तबद्ध असला पाहिजे.

या शिस्तीला गणिताची बैठक दिली ती दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला याने. हा खलिफांचा वजीर होता. बोरूचे तिरपे छाटलेले टोक कागदावर टेकवले की जो चौकोनी ठिपका उमटतो तो त्याने मोजमापाचे एकक मानला. ‘अलिफ’ या उभ्या अक्षराची उंची इतके ठिपके, त्या उंचीच्या व्यासाचे एक वर्तुळ, आणि इतर अक्षरांची वळणे त्या वर्तुळाच्या प्रमाणात, अशी ती पद्धत होती. राजकारणाच्या उलथापालथीत त्याचा उजवा हात तोडण्यात आला आणि ९४० साली तो कैदेत मरण पावला. त्याने घालून दिलेले प्रमाण मात्र टिकले. पुढे इब्न अल-बव्वाब, याकूत अल-मुस्तासिमी आणि पंधराव्या शतकात इस्तंबूलचा शेख हमदुल्ला यांनी तेच प्रमाण अधिक सूक्ष्म केले.

हे ज्ञान पुस्तकांतून पसरले नाही. शिष्याने वर्षानुवर्षे गुरूचा कित्ता गिरवायचा, गुरूने त्यावर दुरुस्त्या करायच्या, आणि हात तयार झाल्याची खात्री पटली की ‘इजाजत’ म्हणजे सनद द्यायची. ती मिळाल्यावरच शिष्याने आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालायचे, अशी ही प्रथा आहे. गायनातील घराण्याशी तिचे साम्य सहज लक्षात येईल.

येथे एक आर्थिक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. या कसबाचा कळस म्हणजे कुराणाच्या राजेशाही प्रती आणि मशिदींवरील शिलालेख. परंतु त्याचा पाया फार रुंद होता. दफ्तरातील फर्माने, खासगी पत्रे, विवाहाचे करार, ग्रंथांच्या साध्या नकला, दुकानांच्या पाट्या, थडग्यांवरील मजकूर ही सारी कामे लिहिणाऱ्या हातांना पोटापुरते देत होती. या हजारो सामान्य हातांमधून एखादा असामान्य हात निपजत असे. कळसाचा खर्च पायाने उचलला होता.

कायदा आणि यंत्र

हा पाया दोन प्रकारे ढासळला. तुर्कस्तानात तो कायद्याने ढासळला. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तेथील लोकसभेने लॅटिन लिपीचा कायदा संमत केला आणि १९२९ च्या आरंभापासून सार्वजनिक व्यवहारातून अरबी लिपी हद्दपार झाली. साक्षरतेच्या दृष्टीने या सुधारणेचे समर्थन करता येते आणि ते अनेकांनी केलेही आहे. परंतु ज्यांचे आयुष्य त्या लिपीत गेले होते त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी काय करावे हा प्रश्न उभा राहिला. १९१४ साली इस्तंबूलमध्ये उघडलेली सुलेखनाची शाळा बंद पडली. हामिद आयताच हे त्या काळातील अग्रगण्य सुलेखनकार. त्यांना लेबले आणि तत्सम छपाईची कामे करून चरितार्थ चालवावा लागला.

तरीही परंपरा तुटली नाही, याचे कारण हामिद यांच्यासारख्यांनी शिकविणे सोडले नाही. बगदादचे हाशिम मुहम्मद यांना सनद मिळाली ती हामिद यांच्याकडूनच. ज्या देशाने लिपी टाकली त्या देशातून ती विद्या ज्या देशात लिपी चालू होती तेथे गेली. १९८२ साली हामिद निवर्तले. पुढे १९८६ साली इस्तंबूलमधील आंतरराष्ट्रीय संस्थेने पहिली जागतिक सुलेखन स्पर्धा जाहीर केली ती त्यांच्याच नावाने.

इतरत्र हेच काम यंत्राने केले, आणि त्याचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाणारी. एकेक अक्षर खिळ्यात बसविणे जवळजवळ अशक्य. म्हणून उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कातिबांच्या हातूनच लिहून घेतली जात आणि मग दगडावरून अथवा ऑफसेटने छापली जात. मुंबईची उर्दू दैनिकेही याला अपवाद नव्हती. १९८१ साली पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी अठरा-वीस हजार जोडाकृती स्वतः रेखाटून नस्तालीक यंत्रावर आणली आणि ‘जंग’ या दैनिकाची लाहोर आवृत्ती त्या अक्षरांत निघू लागली. पुढील दशकात संगणक स्वस्त झाले आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे कातिब एकापाठोपाठ एक घरी बसले. कातिबाचे काम ज्याने संपविले तो स्वतः सिद्धहस्त सुलेखनकार होता, ही गोष्ट विसरता येत नाही. त्याने कसब यंत्रात साठविले. त्या साठ्यातून हवे तितके काढता येते, पण नवा हात त्यातून घडत नाही.

मोकळे झालेले अक्षर

गरजेच्या कामातून सुटलेले हे अक्षर आधुनिक चित्रकारांनी उचलले. इराकच्या मदीहा उमर यांनी १९४९ साली वॉशिंग्टनमध्ये अरबी अक्षरांवर आधारलेल्या अमूर्त चित्रांचे प्रदर्शन भरविले. या प्रवाहाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. १९७१ साली बगदादमध्ये शाकिर हसन अल सईद यांनी ‘एकमिती’ नावाचा गट स्थापन केला. भिंतीवरचे ओरखडे, भेगा, अर्धवट पुसलेली अक्षरे यांतून सूफी चिंतनाकडे जाण्याचा त्यांचा प्रयत्न होता. या साऱ्या प्रवाहाला पुढे ‘हुरूफिय्या’ असे नाव पडले. हुरूफ म्हणजे अक्षरे.

वसाहतवादातून मुक्त झालेल्या देशांना त्या काळी आधुनिक व्हायचे होते, पण पॅरिस-लंडनची नक्कल करायची नव्हती. या पेचातून अक्षराने वाट दाखविली. सुदानच्या इब्राहिम अल-सलाही यांची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. त्यांचे वडील ओमदुरमान येथे घरीच कुराणाची शाळा चालवीत. लाकडी पाटीवर अक्षर गिरवीत सलाही वाढले. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण घेऊन ते १९५७ साली परतले आणि खार्टूममध्ये त्यांनी प्रदर्शन भरविले. उद्‌घाटनाला लोक आले. नंतर कोणी फिरकले नाही. आपल्या चित्रांत आपल्या माणसांना स्वतःचे काहीच दिसत नाही, हे सलाही यांना उमगले. त्यांनी देशभर भटकंती केली आणि घरोघरी अक्षरे व नक्षी पाहिली. मग चित्राच्या कोपऱ्यात ते लहानशी अक्षरे लिहू लागले. तेव्हा लोक जवळ येऊन पाहू लागले. पुढे त्यांनी अक्षर मोठे केले, मग मोडले, आणि त्या मोडलेल्या तुकड्यांतून प्राणी, वृक्ष, मानवी चेहरे निघू लागले. १९७५ साली सरकारी अधिकारी असताना त्यांना चौकशीविना सहा महिने तुरुंगात काढावे लागले. तेथे चित्र काढण्यास बंदी होती म्हणून ते सिमेंटच्या पिशव्यांच्या तुकड्यांवर रेखाटत आणि ते वाळूत पुरून ठेवीत. २०१३ साली लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले.

इराणमध्ये हाच प्रवाह निराळ्या वाटेने आला. करबल्याच्या तहानेची आठवण म्हणून तेथे रस्त्यारस्त्यावर पाणपोया असतात, मोहरमातील सबिलीसारख्या. त्यांना ‘सक्काखाना’ म्हणतात. तेथील ताईत, कुलुपे, छापील प्रार्थना यांतून हुसेन झेंदेरूदी आणि परवीझ तनावोली या तरुणांनी १९६० च्या सुमारास आपली चित्रभाषा घडविली. अक्षरांची लाट इतकी वाढली की तनावोली यांनी १९६५ साली तिला एक मार्मिक प्रत्युत्तर दिले. ‘हीच’ म्हणजे ‘काहीच नाही’ हा तीन अक्षरी फारसी शब्द त्यांनी शिल्परूपाने उभा केला आणि पुढे आयुष्यभर तो घडविला.

या कलेला ‘इस्लामी’ म्हणणे सोयीचे असले तरी ते सैलपणे म्हटले जाते, हेही येथे नमूद केले पाहिजे. जेरुसलेमचे कमाल बुलाता ख्रिस्ती कुटुंबातील होते. कूफी लिपीच्या चौकोनी वळणातून त्यांनी आपली भौमितिक चित्रे रचली. ही लिपी अनेक धर्मांच्या, अनेक भाषांच्या माणसांची समाईक मालमत्ता आहे.

तीन नवे धनी

जुना आश्रयदाता गेला म्हणजे कलावंत स्वतंत्र झाला, असे समजण्याचे कारण नाही. खलिफा आणि सुलतान यांच्या जागी तीन नवे धनी आले: शासन, बाजार आणि परदेशी संग्रहालय.

शासनाचा अनुभव पाकिस्तानात आला. १९७७ ते १९८८ या झिया-उल-हक यांच्या राजवटीत मानवाकृतींचे चित्रण नापसंत ठरले आणि सुलेखनाला सरकारी उत्तेजन मिळाले. ज्यांचा हात कधी बोरूला लागला नव्हता असेही चित्रकार अक्षरांकडे वळले. सादिकैन यांच्यासारख्या प्रतिभावंताने मात्र हे लेखन त्या राजवटीच्या कितीतरी आधी सुरू केले होते. अमरोह्यात जन्मलेल्या या चित्रकाराने १९८१-८२ मध्ये भारतात मुक्काम करून अलीगड, वाराणसी, हैदराबाद आणि दिल्ली येथे मोठी भित्तिचित्रे रंगविली. त्यांची अक्षरे निवडुंगाच्या काट्यांसारखी ताठ आणि अस्वस्थ आहेत. कोणत्याही हुकमातून ती आली नसती. जेव्हा शासन एका कलेला उत्तेजन देते आणि दुसरीला दाबते, तेव्हा उत्तेजन मिळालेल्या कलेचेही नुकसानच होते. कारण तिच्यात खरे कोण आणि सोयीने आलेले कोण हे कळेनासे होते.

बाजाराचे स्वरूप दुबईत दिसले. क्रिस्टीज या लिलावसंस्थेने तेथे २००६ साली विक्री सुरू केली. ३० एप्रिल २००८ च्या एकाच लिलावात तनावोली यांचे ब्राँझचे शिल्प २८ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले, झेंदेरूदी यांचे चित्र १६ लाखांच्या घरात पोहोचले आणि मुहम्मद एहसाई यांच्या अक्षरचित्राने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. काही महिन्यांतच जागतिक वित्तसंकट आले आणि ही हवा ओसरली. तनावोलींच्या त्या शिल्पाचा पृष्ठभाग ज्या चिन्हांनी व्यापला आहे ती प्राचीन इराणी कोरीव लेखांसारखी दिसतात, पण कोणत्याही भाषेत वाचता येत नाहीत. अक्षरांच्या परंपरेतून आलेल्या कलेला त्या दिवशी मिळालेली सर्वांत मोठी किंमत न वाचता येणाऱ्या अक्षरांची होती. यात कलावंताचा दोष नाही. बाजारात वाचनीयतेला भाव नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

संग्रहालयाची अडचण वेगळी आहे. शिरीन नेशात यांनी १९९३ ते १९९७ या काळात इराणी स्त्रियांच्या छायाचित्रांवर हाताने फारसी मजकूर लिहिला. तो मजकूर प्रामुख्याने फरूग फर्रुखजाद यांच्यासारख्या आधुनिक कवयित्रींचा आहे. फारसी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला मात्र ती धर्मग्रंथातील वचने वाटण्याची शक्यता दाट. लिपी वाचता आली नाही की प्रेक्षक आपल्या मनातला मजकूर तिच्यावर चिकटवतो.

वाचता आले पाहिजे काय?

सनदी सुलेखनकार आणि आधुनिक चित्रकार यांच्यातील वादाचा मुद्दा हाच आहे. पहिल्यांचे म्हणणे असे की, ज्याला नियम ठाऊक नाही त्याने तो मोडण्यात पुरुषार्थ नाही. दुसरे म्हणतात की, इब्न मुक्लाने बांधलेले वर्तुळ हा आरंभ होता, कुंपण नव्हे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र या प्रवाहातील टिकाऊ काम पाहिले तर त्यामागे कोठे ना कोठे रोजच्या अक्षराचा सराव आढळतो. सलाही पाटीवर गिरवीत मोठे झाले. पॅरिसमध्ये रुंद कुंचल्यांनी झेपावणारी अक्षरे काढून नावाजलेले हसन मसूदी हे १९६१ पासून बगदादच्या सुलेखनकारांकडे उमेदवारी करीत होते. १९६९ साली ते फ्रान्सला गेले. ज्या पायाचा वर उल्लेख केला त्याच पायावर ही मंडळी उभी आहेत. प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा.

या प्रश्नाला आशादायक उत्तरेही मिळत आहेत. अल सीद या फ्रेंच-ट्युनिशियन कलावंताने २०१६ साली कैरोच्या कचरावेचकांच्या वस्तीत सुमारे ५० इमारतींवर मिळून एकच वर्तुळाकार लेख रंगविला. गल्लीतून पाहिले तर रंगाचे तुटक फटकारे दिसतात. जवळच्या मुकत्तम टेकडीवरून संपूर्ण वाक्य जुळते. वस्ती बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची, आणि वाक्य त्यांच्याच एका प्राचीन धर्मगुरूचे. दृष्टी निर्मळ असावी अशा आशयाचे. ज्यांच्या भिंती त्यांचेच वचन, त्यांना वाचता येईल अशा लिपीत. येथे लिलाव नाही की काचेची पेटी नाही. अक्षर पुन्हा भिंतीवर कामाला लागले आहे. दुसरे उदाहरण अमेरिकेतील मुहम्मद झकरिया यांचे. मूळचे हे यंत्रकारागीर. १९८० च्या दशकात त्यांनी इस्तंबूलच्या गुरूकडे नव्याने अभ्यास करून सनद मिळविली. २००१ साली अमेरिकन टपाल खात्याने ईदनिमित्त तिकीट काढले ते त्यांच्या अक्षरांतले. परंपरा रक्ताने येत नाही. गुरू, वेळ आणि चिकाटी मिळाली तर ती परक्या हातातही उतरते.

मग शासनांनी आणि संस्थांनी करावे काय? वारसा म्हणून यादीत नोंद होणे चांगलेच. स्पर्धा आणि बक्षिसेही असावीत. परंतु बक्षीस तयार झालेल्या हाताला मिळते. हात तयार होण्याची वर्षे कोण पोसणार, हा खरा प्रश्न आहे. या वर्षांत उमेदवाराच्या हातून विकण्याजोगे काहीच निघत नाही. पूर्वी ती वर्षे पाट्या, पत्रे आणि नकला यांच्या कमाईवर निघत. आज ती कमाई संगणकाने नेली आहे आणि लिलावातील लक्षावधी डॉलर उमेदवारापर्यंत पोहोचत नाहीत. एका चित्राच्या किमतीत कित्येक विद्यार्थ्यांचे विद्यावेतन आणि कित्येक गुरूंचे मानधन सहज भागले असते. पण बाजार हा हिशेब मांडत नाही, कारण तो तयार मालाची किंमत करतो, शिकण्याच्या काळाची करीत नाही. तो हिशेब मांडणे हे शासनाचे, विद्यापीठांचे आणि सुजाण दात्यांचे काम आहे.

मोडी लिपी व्यवहारातून गेलेली पाहिलेल्या मराठी समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दफ्तरखान्यांत रुमाल जपून ठेवता येतात. ते वाचणारा डोळा आणि ते वळण काढणारा हात मात्र कपाटात ठेवता येत नाही. हामिद आयताच यांनी लेबले छापून पोट भरले आणि उरलेल्या वेळात शिष्य घडविले, म्हणून आज इस्तंबूलमध्ये सनद देणारे हात आहेत. एका माणसाच्या निष्ठेवर असा भार प्रत्येक पिढीत टाकता येणार नाही. तो वाटून घेण्याची व्यवस्था ज्या देशांत उभी राहील त्या देशांतच ही कला चित्रांच्या चौकटीबाहेर जिवंत राहील.